लेकीच्या पेशींचं वय

मला एकशे दहा वर्षं जगायचं होतं. हसा खुशाल. बायको तर तोंडावर हसायची. पण मला ती हौस नव्हती, गरज होती. आमची एकुलती एक मुलगी डाउन सिंड्रोम घेऊन जन्मली तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो. "आपल्यामागं हिचं काय?" हा प्रश्न अशा मुलांच्या आईबापांना कुणी शिकवावा लागत नाही. तो बाळंतिणीच्या खोलीतच येऊन बसतो. तरी नातेवाईक यायचे, हळहळायचे, आणि जाता जाता आवाज खाली करून तोच प्रश्न विचारायचे, जसा काही आम्हाला तो सुचलाच नव्हता. एका मावसबहिणीला मी दारातच सांगितलं, "हिचं काय करायचं ते मी बघतो, तू तुझ्या चपला बघ." ती पुढे सहा वर्षं आमच्याशी बोलली नाही. बरं झालं.

माझं उत्तर सोपं होतं. मी मरणार नाही. निदान लवकर तरी नाही.

हे खूळ डोक्यात शिरलं ते नोकरीतून. तीस वर्षं मी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलला काढली. माल बनवणारे वेगळे, विकणारे वेगळे, आम्ही फक्त संशय घ्यायचा. प्रत्येक बॅच तपासायची, एक नमुना सीलबंद करून कपाटात ठेवायचा, आणि मगच माल गेटबाहेर सोडायचा. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत आमच्याकडे एक पांढरी पावडर बनायला लागली. पिंपं भरभरून ती परदेशी जायची आणि तिथे तिच्या तारुण्य टिकवणाऱ्या कॅप्सूल व्हायच्या. कागदावर सही माझी. सही करायची तर ती वस्तू शरीरात जाऊन करते काय, हे कळायला नको? म्हणून वाचायला लागलो आणि त्यात पार बुडालो.

थोडक्यात सांगतो. माणूस म्हातारा होतो म्हणजे आधी त्याच्या पेशी म्हाताऱ्या होतात. पेशीत अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या बारीक बारीक भट्ट्या असतात. त्या चालायला एक रेणू लागतो आणि वय वाढेल तसा तो कमी होत जातो. आमची पावडर म्हणजे त्या रेणूचा कच्चा माल. ती पोटात गेली की शरीर तिच्यापासून तो रेणू बनवतं, भट्ट्या पुन्हा नीट चालतात आणि डीएनएची मोडतोड दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांनाही बळ मिळतं, असा सिद्धांत. दुसऱ्या प्रकारची औषधं पेशीला चक्क फसवतात. बाहेर दुष्काळ पडलाय असं तिला भासवतात. मग ती वाढायचं थांबवते आणि घरातलाच मोडका माल, खराब झालेली प्रथिनं, मोडून खाते. त्या निमित्ताने साफसफाई होते. तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडायचा. काही पेशी थकतात, काम सोडतात, पण मरत नाहीत. जागा अडवून बसतात आणि शेजारच्या चांगल्या पेशींना बिघडवणारी रसायनं सोडत राहतात. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात संध्याकाळी आम्ही जे पाच-सहा निवृत्त बसतो ना, अगदी तसं. काही संयुगं नेमक्या या पेशींना वेचून मारतात.

यीस्टमध्ये हे छान दिसतं. किड्यांत, उंदरांतही बरंचसं दिसतं. माणसांत आयुष्य वाढतं का? ते अजून कुणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. मला हे माहीत होतं, अगदी शपथेवर सांगतो. पण मला दुसरा मार्ग दिसत नव्हता, म्हणून मी तेवढा भाग सोडून बाकीचं वाचत गेलो.

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात सुरुवात केली. सकाळी कॅप्सूल. सोळा तास उपास. शनिवारी पहाटे कर्नाळ्याला जाऊन किल्ल्यापर्यंत चढून यायचं. दर तीन महिन्यांनी पॅथॉलॉजीवाली बाई घरी यायची आणि माझं रक्त घेऊन जायची. साखर, चरबी, यकृत, मूत्रपिंड, व्हिटॅमिनं, सगळं. रिपोर्टांची मी फाइल केली आणि आकड्यांचे आलेख काढले. बायको म्हणायची, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा. जळलं मेलं ते उपाशी राहणं. पोरीला वाटतं, बाबांना वाढायचं विसरले." आणि खरंच तसं व्हायचं. रात्री त्या दोघी जेवायला बसल्या की लेक उठायची, आपल्या ताटातली अर्धी पोळी माझ्यासमोर आणून ठेवायची आणि कमरेवर हात ठेवून मी खाईपर्यंत उभी राहायची. मी तिला ओरडायचो. माझे सोळा तास मोडायचे ना!

कॅप्सूलचं तिला फार आकर्षण. डबी खडखडली की स्वयंपाकघरातून धावत यायची. "बाबा, एक द्या ना."

"या म्हाताऱ्या माणसांच्या असतात. तू लहान आहेस."

तेव्हा ती तिशीची होती. तीस वर्षांच्या बाईला मी लहान म्हणत होतो आणि आम्हा तिघांपैकी कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आमच्यासारख्या घरांत असंच चालतं. वाढदिवसाला फुगे लावतात, केसांच्या दोन वेण्या घालतात, रिक्षावाले "बेबी" म्हणतात. बाहेरचे लोक तर आमचं सांत्वन करताना म्हणायचे, "अहो, ही मुलं कायम लहानच राहतात, देवाघरची फुलं." आणि मी, क्वालिटी कंट्रोलचा माणूस, प्रत्येक वाक्यावर संशय घेणारा, हे वाक्य मात्र न तपासता पास केलं.

बत्तिसाव्या वर्षी तिच्या कानामागचे केस पांढरे झाले. बायकोने एका रविवारी न बोलता बाथरूममध्ये नेऊन तिचे केस रंगवले. मी पेपर वाचत होतो. बाहेर आल्यावर लेकीने विचारलं, "छान?" मी म्हटलं, "छान." झालं. मग दर महिन्याला ते होऊ लागलं.

आता कबुली देतो. मी ज्या लेखांतून स्वतःच्या पेशी तरुण ठेवायचं शिकत होतो, त्याच लेखांत तिच्या पेशींबद्दल लिहिलेलं असायचं. एकविसाव्या जोडीत एक गुणसूत्र जास्त. म्हणजे त्यावरच्या जनुकांचा डोसही जास्त. म्हणून पेशींवर ताण जास्त, झीज लवकर, मेंदूत नको ते प्रथिन साचायला सुरुवात लवकर. या लोकांचं म्हातारपण पुष्कळ वर्षं आधी येतं. कधी एक परिच्छेद, कधी दोन ओळी. पेशी लवकर म्हातारी होते म्हणजे काय, याचं उदाहरण म्हणून शास्त्रज्ञ माझ्या लेकीसारख्यांचं नाव घेत होते आणि मी ते पान उलटत होतो. मला समजत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. इतरांपेक्षा मला चांगलंच समजत होतं. म्हणून तर पान उलटायचो.

तिचं शिक्षण फार झालं नाही, पण एका विषयात ती पंडित होती. करंजा बंदरावरची एक कोळीण बुधवार, शुक्रवार, रविवार अशी आमच्या इमारतीच्या गेटवर पाटी घेऊन बसायची. वीस वर्षं. लेक कॉलेजात असती त्या वयापासून मासळी ओळखायला शिकली ती या मावशीकडून. ताट घेऊन एकटी खाली जायची. मावशी मासा वर धरायची, ही नाव सांगायची. बांगडा, सुरमई, मांदेली, बोंबील. कल्ले उचलून ताजा आहे का ते बघायची. नसला तर नाक मुरडून "शिळा!" असं गेटभर ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडायची. मावशी कपाळावर हात मारायची, "माझा धंदा बुडवते गो ही!" आणि हसत हसत चार मांदेली जास्त टाकायची. इमारतीतल्या बायका लेकीला विचारून मासे घ्यायच्या. आमच्या घरात बाहेरच्या जगाला उपयोगी पडणारं माणूस तेवढं एकच होतं, मी धरून.

छत्तिशीनंतर कधीतरी ती मंदावली. दुपारभर खुर्चीत बसून राहायची. हाक मारली तर उशिरा बघायची. अंगाने फुगली, आवाज जाडा झाला, थंडी नसताना स्वेटर मागायची. मी म्हणायचो, "आळशी झालीयेस नुसती. चल, चालायला चल." ओढत न्यायचो. ती निम्म्या रस्त्यात फुटपाथवर बसायची आणि मला लाज वाटायची. एकदा भर बाजारात मी तिला म्हणालो, "सत्तरीकडं आलेला बाप पळतोय आणि तुला काय झालंय गं?" तिने बूट काढला, त्यातला खडा झटकला, पुन्हा घातला. खडा नव्हताच त्यात, मी बघितलं होतं.

चार वर्षं असं चाललं. चार!

मग एका बुधवारी मावशीच जिने चढून वर आली. तीन मजले, पाटी डोक्यावर. मागे लेक, हातात रिकामं ताट. मावशीने पाटी दारात उतरवली आणि सरळ मला म्हणाली, "भाऊ, पोरीला बांगडा दाखवला, ती पापलेट बोलली. परवा पन तसाच. आज मना विचारते, तू कोन?"

"मस्करी करत असेल," मी म्हणालो.

"मस्करी नाय. वीस वर्सं बघते मी हिला. माझ्या सासूचा असाच झाला होता." मग म्हणाली, "पोर म्हातारी झाली भाऊ. तुमाला दिसत नाय?"

माझं डोकं फिरलं. काय काय बोललो! तू तुझे मासे वीक, तुला काय कळतं, कालची पोर ती, म्हातारी कशी होईल? मावशीने ऐकून घेतलं, पाटी डोक्यावर चढवली आणि जाताना बायकोला म्हणाली, "ताई, आमी अडानी, पन डोले हायत." बायको दाराला टेकून रडत होती. तिलाही दिसत होतं. महिन्याच्या महिन्याला केस तीच तर रंगवायची.

त्याच आठवड्यात पॅथॉलॉजीवाली बाई माझं रक्त घ्यायला आली. माझ्या दंडाला पट्टा बांधलेला असताना बायको म्हणाली, "आज हिचंही घ्या." मी सवयीने म्हणालो, "कशाला उगाच, सुई बघून रडते ती." बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी पट्टा सोडून उठलो आणि लेकीला खुर्चीत बसवलं. ती रडलीच नाही. सुई आत जाताना बघत बसली.

थायरॉइड पार बसली होती. डॉक्टरीण बाईंनी रिपोर्ट बघितला, लेकीचा सुजलेला चेहरा बघितला आणि विचारलं, "याआधी कधी तपासलं होतं?" बायको माझ्याकडे बघायला लागली. मला माझं कोलेस्टेरॉल दशांशापर्यंत पाठ होतं. लेकीची शेवटची तपासणी मी निवृत्त व्हायच्या आधीची होती. "या मुलांची दरवर्षी करायची असते," बाई म्हणाल्या. "कुणी सांगितलं नव्हतं?" सांगितलं होतं हो. ती लहान असताना प्रत्येक डॉक्टरने सांगितलं होतं.

औषध म्हणजे एक इवलीशी गोळी, रोज सकाळी उपाशीपोटी. इतकंच. तीन-चार महिन्यांत सूज उतरली, स्वेटर सुटला, दुपारची खुर्ची सुटली. एका रविवारी ती आपणहून ताट घेऊन खाली गेली. मी लाज गिळून मागे गेलो. मावशीने माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, मासा वर धरला. लेक म्हणाली, "बांगडा." दुसरा धरला. "बोंबील." तिसरा ओळखला नाही, पण दोन ओळखले. मी मावशीचे पाय धरायचेच बाकी होते. घरी येऊन बायकोला म्हणालो, "बघ, काही नाही झालेलं. सगळी थायरॉइडची करामत." ती म्हणाली, "देव पावला." त्या महिन्यात मी उपास सोडला. रात्री लेकीने पोळी आणून ठेवली की खायचो.

सात-आठ महिने सुखाचे गेले. मग पुन्हा निसटायला लागलं. यावेळी ती सुस्त नव्हती, उलट सैरभैर होती. जिन्यात मधेच थांबायची, पुढची पायरी खाली आहे की वर ते कळत नसल्यासारखी. बाथरूमचं दार सापडेना. तिचा स्वतःचा हात झोपेत तिला लागला तर दचकून उठायची. थायरॉइड तपासली, ती आता ठीक होती.

मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्कॅन बघितला, तिच्याशी गप्पा मारल्या, नर्सबरोबर तिला बाहेर बसवलं आणि आम्हाला सांगितलं. मी लेखांत वाचलेले सगळे शब्द ओळीने आले, स्मृतिभ्रंशापर्यंत. मी विचारलं, थायरॉइडचं आधी कळलं असतं तर हे टळलं असतं का? ते प्रामाणिक माणूस. म्हणाले, "हे बहुधा झालंच असतं. पण मधली चार वर्षं ती जागी राहिली असती." तिच्या वाट्याला धडधाकट अशी किती वर्षं होती, त्यातली चार मी खुर्चीत घालवली. आणि वर तिला आळशी म्हणालो. हे मी रोज एकदा तरी मनात म्हणतो. त्याने काही होत नाही.

मग मी तो प्रश्न विचारला. चाळीस वर्षं दुसऱ्यांनी विचारला म्हणून ज्याचा मला राग यायचा, तोच. आमच्यामागं हिचं काय?

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमची तब्येत उत्तम आहे. ताईंचीही आहे. नक्की वर्षं कुणीच सांगू शकत नाही. पण तुम्ही त्या काळजीत राहू नका. ती बहुतेक तुमच्यामागं राहणार नाही."

बायको उठून बाहेर गेली. मला वाटलं, रडायला गेली असेल. मी औषधांची चिठ्ठी घेतली, पुढची तारीख विचारली, आभार मानले.

त्याला आता दीड वर्ष होईल. कॅप्सूलच्या उरलेल्या डब्या मी टाकून दिल्या. चालणं सोडलेलं नाही, कारण आता लेकीला उचलून बसवावं लागतं आणि त्याला कंबर शाबूत हवी. फाइल एकच आहे आणि ती तिची आहे. केस आम्ही रंगवत नाही. पांढरे केस तिला शोभतात, खोटं नाही सांगत. मावशी येते ती सरळ वर येते, लेकीसमोर बसते, एकेक मासा दाखवून नाव स्वतःच सांगते. लेक हसते.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. परवा दुपारी लेकीला भरवून झालं, ती झोपली, आम्ही दोघं स्वयंपाकघरात चहा घेत बसलो होतो. कसं कोण जाणे, बोलून गेलो. म्हणालो, "त्या दिवशी डॉक्टर म्हणाले ना, ती आपल्यामागं राहणार नाही. मला आधी काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. पोटची पोर मरणार म्हणून सांगतात आणि मला हायसं वाटलं. चाळीस वर्षांचं ओझं उतरल्यासारखं. मग बाकीचं वाटलं, पण आधी ते वाटलं."

मला वाटलं ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

बायकोने कप खाली ठेवला. "मलाही वाटलं," ती म्हणाली. "तुमच्याही आधी. म्हणून तर उठले तिथून. बाहेर गेले तर ती नर्सचा हात धरून बसली होती. मला बघून हसली. माझी तिच्या शेजारी बसायची हिंमत होईना."